पार्किनसाहेबाचं ‘नको’

पहिला मांडा.

मालूबाईंनी तो दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवला आणि उपड्या खापरावर टाकला. पुरणानं भरलेला, ताटाहून मोठा. सून सुमननं त्याची घडी घातली, वर तुपाची धार सोडली आणि पाहुण्याच्या ताटात ठेवला. पाहुणा पाटावर बसला होता खरा, पण त्याचे गुडघे छातीला लागत होते.

अनंतनं त्याला बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या घरी मुद्दाम बोलावलं होतं. सत्तावन्न सालचा जानेवारी. नवं राज्य होऊन दोन महिने झालेले, कचेरीचे कागद नागपूर सोडून भोपाळच्या वाटेला लागलेले. गिरणीत नवे माग बसवायला विलायतेहून इंजिनिअर येणार, एवढंच अनंतला माहीत होतं. स्टेशनवर उतरला तो पार्किन.

पार्किननं मांडा संपवला. ताटात कण ठेवला नाही.

“काय म्हणे साहेब?” मालूबाईंनी चुलीपासून विचारलं.

“आवडलं म्हणतो, माय.”

“मग बसली काय सुमन? वाढ ना सायबाले.”

पार्किननं मान हलवली. नको, थँक यू.

“नको म्हणतो,” अनंतनं सांगितलं. अगदी खरं सांगितलं.

“म्हणणारच. चांगल्या घरचा दिसतो.”

दुसरा मांडा.

विलायतेतलं बोल्टन, एक्कावन्न साल.

अनंत माग शिकायला गेला तेव्हा पार्किनच्याच घरी उतरला होता. पहिल्या संध्याकाळी पार्किनच्या बायकोनं बटाट्यांचं भांडं पुढे केलं. अनंत म्हणाला, नको. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस त्यानं बुऱ्हाणपुरात पाहिला नव्हता. आता ती म्हणेल, अहो घ्या हो, लाजता काय. भांडं पुढे गेलं. ते परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

मागायचं? पाहुण्यानं तोंडानं मागणं म्हणजे घरधनिणीला कंजूष म्हणणं. महिनाभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. एका रविवारी सकाळी त्यानं कपाट उघडून पावाचा शिळा तुकडा तोंडात घातला, आणि वळला तर दारात पार्किन.

पार्किन बोलला तो दुपारी, सगळे जेवायला बसल्यावर. “तुमच्या देशात चालत असेल, पोरा. आमच्यात न विचारता घेणं म्हणजे चोरी.” टेबलावरच्या दोघा भाडेकरूंनी अनंतपुढची लोण्याची बशी उचलून पलीकडे ठेवली. हसत. सोमवारी कपाटाला कुलूप लागलं.

तिसरा मांडा, सोबत कटाची झणझणीत रशी.

पार्किनच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं तीनदा ‘नो’ म्हटलं, तीनदा थँक यू.

“लाजरा आहे गं बाई,” मालूबाई म्हणाल्या. “घरापासून इतका लांब. ह्याले कोण वाढत असेल तिथं?”

चौथा निम्मा संपल्यावर पार्किन अनंतकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुझ्या आईला थांबवायचं कसं?”

हे वाक्य बोल्टनमध्ये अनंतला कुणाला तरी विचारायचं होतं, थोडं उलट करून. विचारायला कुणी नव्हतं.

“नको म्हणा,” तो म्हणाला.

“म्हटलं ना.”

“परत म्हणा.”

पार्किननं परत म्हटलं. पाचवा आला. पार्किन पानात टाकणारा माणूस नव्हता, अनंतला ते चांगलं ठाऊक होतं. बोल्टनमध्ये तो बशीतला रस्सासुद्धा पावानं पुसून खायचा. त्यानं पाचवाही संपवला. मग काय सुचलं त्याला कोण जाणे, त्यानं आपला पंजा ताटावर आडवा धरला.

मालूबाई खापरावरचा मांडा उचलता उचलता थांबल्या. ही खूण त्यांना कळत होती. ह्या खुणेनंतर ह्या घरात कुणी वाढत नसे.

“पुरे झालं वाटतं,” त्या म्हणाल्या.

“नाही, माय,” अनंत म्हणाला. “त्यांच्यात हात धरला म्हणजे अजून पाहिजे असतं.”

“असं?”

“सहा महिने जेवलो ना त्यांच्यात.”

सुमन मॅट्रिक होती. इंग्रजी तिला बऱ्यापैकी कळत होतं. तुपाचं भांडं हातात धरून ती उभीच राहिली. “अहो, पुरे ना. बघा तरी तोंड त्यांचं.”

“तू वाढ.”

ती हलली नाही. मालूबाईच चुलीपासून उठल्या. पार्किनचा हात त्यांनी मनगटाला धरून बाजूला केला, आजारी पोराचा करावा तसा, आणि सहावा मांडा ताटात पसरला.

पार्किननं अनंतकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या ओठांवर तूप होतं आणि डोळ्यांत पाणी, रशीचं असेल.

“प्लीज,” तो म्हणाला.

“आता काय म्हणे?”

“तूप कमी पडलं म्हणतो, माय.”

मालूबाईंनी सुनेच्या हातून भांडं घेतलं.