नानांच्या खुर्चीत कोण?

खंडेनवमीला ऑफिस बंद, म्हणून सर्व्हरच्या कामाला मी तोच दिवस निवडला. आमच्या पाइप कंपनीच्या जळगावच्या सर्व्हरवर सगळ्यांची खाती आहेत, धुळ्याच्या शाखेचीसुद्धा. कोण आत आलं, कोणी काय बदललं, हे सर्व्हर आपणहून लिहून ठेवत नाही. त्याला तसं सांगावं लागतं. धुळ्यातून कोणीतरी आपले भाव बाहेर फोडतंय, असा मालकांना, हितेंद्रभाऊंना संशय होता.

"नोंद चालू करा, कामिनीताई. आणि पितांबर नानांवर जरा लक्ष असू द्या."

नानांवर! मी धुळ्याला गेले की माझ्या डब्यात शेवभाजी कोंबणाऱ्या माणसावर!

समोर दोन चौकोन होते, एक जमलेल्या प्रवेशांसाठी, एक फसलेल्या. मी मुळात भित्री, कुलूप लावून दोनदा ओढून बघणारी. दोन्हींवर टिक केली.

थर्मासमधला चहा ओतून वळते तर स्क्रीन भरलेली. फसला. फसला. फसला. खातं नानांचं, कॉम्प्युटरही नानांचाच. आणि ते थांबेना.

नाना आज तिथे एकटेच असणार, मशीनची पूजा करायला. पण ते पासवर्ड विसरणं शक्य नाही. तो नातीच्या नावाचा आहे, हे अख्ख्या शाखेला माहीत आहे. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिकडे फोन वाजत होता आणि इकडे ओळी पडतच होत्या.

बाहेरून त्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची वाट मीच बंद केलेली. म्हणजे कोणीतरी नानांच्या खुर्चीत बसलं होतं. मग नाना कुठे होते?

भाऊंना फोन केला.

"मी म्हटलं नव्हतं? खातं बंद करा त्यांचं."

"इतक्यांदा चुकल्यावर ते आपोआप बंद पडलंय भाऊ, तरी कोणीतरी बटण दाबतंय! नाना फोन घेत नाहीत."

मी फोन ठेवला. धुळ्याच्या ऑफिससमोरच्या चहावाल्या अभिमनचा नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"अभिमनभाऊ, आत जाऊन बघा. पण एकटे जाऊ नका. चोर असेल."

"चोर? शटर तर अर्धं उघडं शे, ताई. बठ्ठं शांत शे."

फोन चालूच ठेवून तो गेला. शटरचा खडखडाट ऐकू आला. मग त्याची हाक, "नाना! ओ नाना!" मग काहीच नाही.

आणि स्क्रीनवर ओळी थांबल्या.

इतका वेळ त्या थांबाव्यात म्हणून जीव टांगणीला लागला होता. आता थांबल्यावर जास्त भीती वाटली. मी नुसती बघत राहिले. देवीचं नाव घ्यायचंही सुचलं नाही.

"ताई," अभिमन धापा टाकत होता, "कीबोर्डवर पडेल व्हते. कोपर बटणावर. घामानं चिंब. डोळे उघडतंस, मी साखर चारी ऱ्हायनू."

नऊ दिवसांचा उपास, आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र नेमानं चालू; रक्तातली साखर उतरणारच. देवीही रागावणार नाही, डॉक्टरही रागावणार नाही, असा नानांचा हिशेब.

"रिक्षा करा," मी ओरडले, "आधी दवाखाना!"

संध्याकाळी दवाखान्यातून नानांचा फोन आला. आवाज बारीक, पण तक्रार ठणठणीत.

"कामिनी, मोबाइलवर मेल उघडत नही. मनं खातं काबर बंद शे?"

मी डोळे पुसले आणि त्यांचं खातं उघडलं. फसलेल्या प्रवेशांवरची टिक मात्र तशीच राहू दिली.