छताचा रंग

"कुणी हात लावायचा नाही त्याला. पाणीही पाजू नका."

इस्त्रीवाली बाई भर रस्त्यात गुडघे टेकून बसली होती. तिच्या दोन्ही तळव्यांमध्ये रंगाऱ्याचं डोकं होतं. समोरच्या इमारतीच्या परांचीवरून तो नुकताच खाली कोसळला होता. दोघं तिघं बाह्या सरसावून पुढे झाले. "अहो, उचलून गाडीत टाकतो, लगेच दवाखाना गाठू."

"ॲम्ब्युलन्स येईतोवर तो इथंच राहील. मान हलली तर निस्तरणार कोण?"

"मला काही झालं नाही हो," रंगारी खालून कुरकुरला. "सोडा मला."

"झालं नसेल तर जरा पडून राहायला काय जातंय तुझं?"

ऊन त्याच्या डोळ्यांत जात होतं. ती किंचित पुढे वाकली आणि आपली सावली त्याच्या तोंडावर धरली. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी मानेला पट्टा बांधून त्याला फळीवर घेईपर्यंत ती तशीच बसून होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याच्या बायकोला एक्स-रेचा फोटो दाखवला. मानेचा एक मणका फुटला होता.

"मेंदू कवटीत असतो हे माहीत आहे ना तुम्हाला? त्याच्याच खाली मज्जारज्जू लोंबतो, जेमतेम करंगळीएवढा जाड. मणक्यांच्या पोकळीतून कमरेपर्यंत जातो. हात उचल, पाय टाक, असा मेंदूचा हुकूम त्यातूनच खाली येतो. गरम, गार, दुखलं, खुपलं, सगळं त्यातूनच वर कळतं. यांचं हाड फुटलं, पण आतला रज्जू शाबूत आहे. तिथंच उचलाउचल झाली असती, तर फुटका मणका आत घुसला असता. डोकं कुणी धरलं होतं?"

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे, त्या बाईंनी."

"त्यांचे उपकार समजा."

रंगारी पडल्या पडल्या पायाची बोटं हलवत होता. आयुष्यभर त्यानं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता एकेक बोट हललं की त्याचे डोळे भरून येत.

मानेचा पट्टा निघायला बरेच महिने गेले. ऑपरेशन करून मणके जोडल्यामुळे मान वर होत नव्हती. त्याचं बाकी सगळं ठीक होतं. हलकं काम करायची परवानगी मिळाली, त्याच दिवशी नवराबायको नवी साडी घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेले.

"कशाला हे?" बाई म्हणाली. "आत या, पाणी तरी घ्या."

दुकानामागच्या खोलीत खाटेवर तिचा नवरा पडला होता. दाढी गुळगुळीत केलेली, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. हात मात्र कुणीतरी चादरीवर आणून ठेवल्यासारखे पडले होते.

"हेच का ते?" तो हसला. "जरा हात वर करून दाखवा बघू."

रंगाऱ्यानं हात वर केला. तो माणूस बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

"छान," तो म्हणाला. "मी झाडावरून पडलो होतो. शेजाऱ्यांनी हातापायाला धरून पळवत नेलं. जीव तोडून धावले बिचारे. त्यांना काय ठाऊक? माझं डोकं अजून रोज हुकूम सोडतं हो, पण मानेच्या खाली कुणी ऐकत नाही."

"मी तेव्हा कपडे पोचवायला गेले होते," बाई म्हणाली. "आले तोवर नेलं होतं त्यांना." एवढं बोलून ती पुढे दुकानात गेली.

त्या माणसाची नजर वर छताला लागली होती. रंगारी खाटेशेजारी जमिनीवर आडवा झाला. वर बघण्याचा त्याला तेवढाच मार्ग उरला होता. छताचे पोपडे सुटले होते आणि मधोमध ओलीचा तपकिरी डाग पसरला होता.

"हेच बघता दिवसभर?"

"दुसरं काय बघणार? तो डाग पाव्हणा आहे. दर पावसात थोडा लठ्ठ होतो."

"कुठला रंग आवडेल तुम्हाला?"

 असलं काही त्या माणसाला कुणी विचारून जमाना झाला होता.

"पहाटे आभाळ असतं ना," तो म्हणाला, "निळं होण्याच्या जरासं आधी. तसला जमेल?"

पुढच्याच आठवड्यात रंगारी बायकोला घेऊन आला. त्याच्या कामावरच्या सोबत्यांनी आधीच छत खरवडून, गळती बुजवून, भेगांत लांबी भरून दिली होती; त्यानं रोलरला लांब काठी बांधली. बाईनं त्याच्या बायकोच्या मदतीनं खाट दाराशी सरकवली. तिथून अख्खं छत दिसत होतं. रंगारी जमिनीवर उभा राहून काठी वर चालवत होता, पण मान वर होत नसल्यानं रोलर कुठं फिरतोय हे त्याला दिसत नव्हतं.

"डावीकडे घ्या," खाटेवरून आवाज आला. "अजून थोडं. कोपऱ्यात राहिलंय."

रंगाऱ्यानं काठी डावीकडे घेतली.

"आता मागे या. सावकाश. हां, तिथंच."

दुकानात बाईनं गरम इस्त्री उभी करून ठेवली आणि ती दारात येऊन थांबली. नवऱ्याचा असा हुकमी आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.