सात नंबरच्या खांबावरची काच

मी एक जुनी काचेची पट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद. जुईनगरच्या एका चार मजली सोसायटीत, पार्किंगमधल्या सात नंबरच्या खांबावर मी चार वर्षे नोकरी केली. मित्रांनो, माझा स्वभाव पहिल्यापासून जळका आहे, हे आधीच सांगून टाकते. मग मागाहून नावे ठेवू नका.

माझा जन्म काचेच्या दुकानात झाला. ज्या मोठ्या काचेतून मला कापले, तिचे बाकीचे तुकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या शोकेसला लागले. मी उरलेली कड. इमारती तपासणाऱ्या वैदेहीताई मला घेऊन आल्या. सात नंबरच्या खांबाला उभी भेग पडली होती. त्यांनी मला त्या भेगेवर आडवी धरली, दोन्ही टोके सिमेंटने घट्ट बसवली आणि अंगावर तारीख लिहिली. मग सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरकाका यांना म्हणाल्या, “काका, भेग वाढली की ही काच तुटणार. तुटली की त्याच दिवशी मला फोन करा. आणि खांबाचं काम लवकर काढा.”

पहिला आठवडा येणारा-जाणारा मला न्याहाळून जाई. मग समोर स्कूटर लागली, जाळी धरली, तारीख पुसट झाली. पार्किंग झाडणारी दुर्गाबाई तेवढी अधूनमधून ओल्या फडक्याने माझे तोंड पुसायची.

माझ्या पायथ्याशी बाजीराव झोपायचा. बाजीराव म्हणजे सोसायटीचा तांबडा कुत्रा. रोज चारला गॅसचा टेम्पो आला की हा घसा फोडून भुंकायचा. बाकी वेळ घोरायचा.

मागच्या वर्षी एका दुपारी टेम्पो आला, बाजीराव भुंकला, टेम्पो गेला. पाव तासाने जमीन थरथरली. भूकंपाचा हलकासा धक्का होता. मी दोन्ही टोके गच्च धरून राहिले आणि तुटले नाही. घरोघरची भांडी वाजली, पंखे झुलले, सगळे धावत खाली आले.

“अगं बाई, बाजीराव मघाशी केवढा भुंकत होता!” दुसऱ्या मजल्यावरच्या जयमालाकाकू म्हणाल्या. “त्याला आधीच कळलेलं!”

झाले! भुंकणे सगळ्यांना आठवले, टेम्पो कुणालाच आठवला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि यांनी कावळ्याला हार घातला. खरोखरचा हार, झेंडूचा. शिवाय गादी मिळाली, पितळी बटणांचा पट्टा मिळाला, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो झळकला. मी जळून खाक झाले. धक्का मीही सोसला होता ना? पण मी अख्खी राहिले, आणि अख्ख्या काचेचे कौतुक कोण करतो?

दोन दिवसांनी वैदेहीताई मला बघायला आल्या. बाजीरावाची कीर्ती ऐकून हसल्या. “मोठ्या धक्क्याआधी एक बारीक थरथर येते. ती काही जनावरांना आपल्याआधी लागत असेल, थोड्या सेकंदांचा फरक. पण कितीतरी आधी कळतं, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि काका, खांब खचायला भूकंपच लागतो असं थोडंच आहे? आतली सळई गंजतेय. ते कुत्र्याला कसं कळणार?”

मधुकरकाकांनी मान डोलावली. पण रविवारी पार्किंगमध्येच सोसायटीची मीटिंग भरली आणि खांबाचा विषय निघाला, तेव्हा तेच म्हणाले, “कशाला टेन्शन घेता? बाजीराव आहे ना! तो भुंकला की आपण सगळे खाली. खांबाचं काम पुढच्या वर्षी बघू.” टाळ्या पडल्या. बाजीराव शेपूट हलवत बसला होता. माझ्या पोटात असे दुखले म्हणून सांगू!

पुढे सहा-सात महिने गेले. एका सकाळी जमीन अगदी स्थिर होती. आतल्या सळईचा गंज फुगला, भेग रुंदावली आणि मी मधोमध तडकले. माझा एक कपचा खाली गादीवर पडला. बाजीरावाने नुसता कान हलवला आणि कूस बदलली. मित्रांनो, तेव्हा मला त्याच्या हाराचा नाही, गळ्याचा हेवा वाटला. मला भुंकता आले असते तर? येणारे-जाणारे त्याला शांत झोपलेला बघून निर्धास्तपणे गाड्या काढत होते. वर चार मजल्यांवर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

दहाच्या सुमारास दुर्गाबाई गादी झटकायला आली. “साहेब, इकरं या ना! बाजीरावाच्या गादीन काच पडली हाय. याच्या पायान गेली मंजे?”

“कोणी बाटली फोडली रे?” ओरडतच मधुकरकाका आले. त्यांनी वर पाहिले, तर मी मधोमध तुटलेली. त्यांनी लगेच फोन लावला. तासाभरात वैदेहीताई हजर झाल्या. भेगेत बोट घालून त्या एवढेच म्हणाल्या, “या बाजूची सगळी घरं रिकामी करा. आत्ताच्या आत्ता.”

माणसे उतरली. जयमालाकाकू देवांचा डबा छातीशी धरून उतरल्या. टेकू द्यायला लोखंडी खांब आले. फक्त बाजीराव गादी सोडेना. सगळे जाणणारा तो शहाणा चार पाय रोवून बसला. दुर्गाबाई त्याचा पट्टा ओढत होती, “ऊठ रं मेल्या!” आणि खरे सांगते, माझ्या मनात आले, राहू दे त्याला इथेच. एक क्षणभरच आले. त्याची लाज मला अजून वाटते.

तिने त्याला फरफटत फाटकाकडे नेले आणि खांबाचा एक मोठा ढलपा धाडकन गादीवर कोसळला. बाजीराव घाबरून केकाटला. पण टेकू वेळेवर लागले, इमारत उभी राहिली. पुढे मला उतरवून खांब नव्याने बांधला. त्याचे काम चालू असताना ग्रुपवर फोटो आला, बाजीरावाचाच. ‘याच्या गादीवर काच दिसली, म्हणून आपण सगळे वाचलो.’ ते ऐकून मी परत जळले. स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, कुत्र्या-मांजरांवर माया करा. त्यांचा काही दोष नाही. पण त्यांच्यावर आपले काम टाकून झोपू नका. तुमच्या पार्किंगमधल्या एखाद्या खांबावर अशी काच चिकटवलेली असेल, तर आजच खाली उतरा आणि तिच्याकडे नीट बघा. तुटली असेल तर मोठ्यांना ओरडून सांगा. आणि अख्खी असेल, तर तिला एकदा शाबास म्हणा. ते तिला आजवर कुणी म्हटलेले नसते.