ताक समजून ओतलेले जंतू

या वयात खोटं बोलून मला काय मिळणार? आनंद मिळतो, पण ते असो.

उत्कर्षा आमची भाडेकरू. यवतमाळची, इथे पीएचडी करते. लाकूड, पेंढा, काथ्या, असलं चिवट काहीही एन्झाइमनं तोडून पचवणारे जंतू तिनं तीन वर्षं खपून वेगळे काढले. लॅबचा फ्रीज बिघडला, सगळं मेलं. उरलेली एक जिवंत बाटली तिनं आमच्या फ्रीजमध्ये ठेवली. वर सूचना चिकटवली. पण सदाशिव पेठेत आम्ही सूचना लिहितो, वाचत नाही.

सकाळी मला ती गढूळ, आंबूस बाटली दिसली. म्हटलं, जुनं ताक. असलं ताक आमच्याकडे गच्चीवरच्या खताच्या पिंपात जातं, कचरा लवकर कुजतो. ओतलं, बाटली विसळून पालथी घातली.

पालथी बाटली पाहून उत्कर्षानं मला जिन्यातच गाठलं. "काका, तीन वर्षं..."

"पिंपात असतील की अजून."

"तिथं कोट्यवधी दुसरे जंतू आहेत. माझे टिकणार कसे?"

"पेठेत एक रात्र राहिलेत. टिकतील."

"अहो, तुम्ही जरा गप्प बसता का?" आमच्या सुशीलाबाई म्हणाल्या. मी बसलो.

चौथ्या दिवशी पिंप ढवळायला गेलो. दोन वर्षं ढिम्म न हललेल्या नारळाच्या शेंड्यांचा पार शिरा झालेला! काठी आत घातली, ती अर्धीच बाहेर आली. काठी आधीच कुजकी होती असं सुशीलाबाई म्हणतात. त्या तेव्हा खाली होत्या.

मी ओरडलो. उत्कर्षा अनवाणी धावत आली. चमचाभर लगदा घेतला आणि लॅबमध्ये जाऊन कागदाची पट्टी बुडवलेल्या नळीत सोडला.

"यात खायला फक्त कागद आहे," तिनं संध्याकाळी समजावलं. "ज्यांना तो पचतो तेच वाढतील. त्यांतले माझे कोणते, ते मग तपासायचं."

पंधरा दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. मग एका दुपारी फोन.

"काका, कागदाचा लगदा झाला! तपासलं, माझेच आहेत! आणि आधीपेक्षा जास्त खाताहेत!"

"खडकवासल्याचं पाणी मानवलं."

पलीकडून ती हसली. रडतही असावी. सुशीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी तिथेच सतरंजीवर आडवा झालो आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलो.