मँगनीजचा आकडा

कमलिनी भिलाईच्या एका खाजगी फाउंड्रीत लॅब सांभाळायची. भट्टीतल्या पोलादाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला की त्यावर ठिणगी पडे, आणि मशीनकडून येणाऱ्या कच्च्या संख्यांवरून शेजारचा लिनक्सचा कॉम्प्युटर सांगे, कार्बन किती, मँगनीज किती. भट्टीवरचे आनंदराव मग जे कमी असेल ते टाकत आणि माल साच्यात ओतत.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येणार होता आणि त्याला छापील सर्टिफिकेट हवं होतं. सर्टिफिकेट छापणारा प्रोग्राम कोडवरून बांधायला गणिताच्या लायब्ररीची, म्हणजे तयार गणिती कोडच्या संचाची, नवी आवृत्ती लागत होती. भट्टीत माल वितळतोय तोवर होऊन जाईल, अशा हिशेबाने कमलिनीने ती टाकली. टाकताना जुनी आवृत्ती पुसली गेली, हे तिला नमुना हातात आल्यावर कळलं. आकडे काढणारा प्रोग्राम उघडेचना. त्याला जुनीच लायब्ररी हवी होती.

तिने तो नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधायला घेतला. आधी जुना बांधलेला प्रोग्राम साफ केला, नेहमी करायची तसाच. मग पडदाभर चुका आल्या. आता नवा बनत नव्हता आणि जुना उरला नव्हता. बॅकअप घ्यायचं ती महिनाभर उद्यावर ढकलत आली होती.

"आकडा भेटला का वं?" आनंदराव दारात उभे होते. गमछ्याने मान पुसत होते.

"काकाजी, थोडं थांबा. बनवून राहिली."

"माल तयार हाय. भट्टीच्या आतली लायनिंग जुनी हाय, जास्त वेळ धरता येत नाही. फुटली तं खाली माणसं हायेत."

त्यांनी नमुन्याचा दुसरा तुकडा देऊन भट्टीवरच्या टिकारामला लुनावर दुर्गपलीकडच्या रसमड्याच्या लॅबमध्ये पिटाळलं. कमलिनीने नागपूरला फोन लावला. आकड्यांचा प्रोग्राम लिहिणारे गुलाबराव नोकरी सोडून तिकडे गेले होते. लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "जुन्या लायब्ररीचा सोर्स कपाटातल्या सीडीवर आहे. ती बांध, मग तिच्यावर प्रोग्राम बांध. घाई करू नको."

सीडी सापडली. लायब्ररी बांधायला लागली. पडद्यावरून ओळी सरकत होत्या आणि कमलिनीला काही करता येत नव्हतं. भट्टीची घरघर भिंतीतून ऐकू येत होती.

शेवटी प्रोग्राम बांधला गेला. एकही चूक नाही. नमुन्यावर ठिणगी पडली आणि आकडे आले. मँगनीज बरंच कमी दिसत होतं. आनंदराव धावत आले.

"किती?"

सांगण्याआधी तिला खात्री करायची होती. लॅबमध्ये एक प्रमाण तुकडा होता, त्याचे आकडे पक्के माहीत असलेला. तो तिने मशीनवर ठेवला. त्याचंही मँगनीज कमी आलं. निम्मंच.

"काकाजी, हा आकडा खोटा आहे."

"खोटा कसा? मशीननंच देल्ला ना?"

"मशीन बरोबर आहे. माझं बांधणं चुकलं."

"अंदाजानं सांग. हाय तेच दे."

"नाही देत."

"कावून नाही देत? तुले समजून राहिलं का, मी तिथं काय धरून बसलो?" त्यांचा आवाज फाटला. "टिकाराम दुर्गच्या फाटकावर अटकला. पीसीओवरून फोन आला त्याचा. मालगाडी उभी हाय."

कमलिनी रडायला लागली, पण हात चालू होते. चूक कुठे आहे ते आता दिसत होतं. लायब्ररी जुनी जोडली गेली होती, पण तिचं वर्णन करणारी हेडर फाइल प्रोग्राम बांधणाऱ्या कम्पायलरने नव्या आवृत्तीची उचलली होती. नवीत आकड्यांच्या रांगेत एक जागा वाढलेली होती, म्हणून प्रोग्राम शेजारचाच आकडा वाचत होता आणि कसलीही तक्रार करत नव्हता. तिने जुनी लायब्ररी आणि जुन्या हेडर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या, दोन्हींचा पत्ता कम्पायलरला हाताने दिला आणि सगळं पुसून पहिल्यापासून बांधायला घेतलं.

बाहेर भोंगा वाजला. भट्टी रिकामी करण्याचा.

ती खिडकीशी गेली. आनंदरावांनी भट्टी कलती केली होती. माल कास्टिंगच्या साच्यांत न जाता वाळूतल्या चरांत चालला होता. पुन्हा वितळवण्यापलीकडे आता त्याचा काही उपयोग नव्हता. माणसं मागे सरली होती.

प्रोग्राम बांधून झाला. प्रमाण तुकड्याचे आकडे बरोबर आले. मग तिने भट्टीचा नमुना ठेवला. मँगनीज हवं तेवढंच होतं.

आनंदराव आत येऊन स्टुलावर बसले. चेहरा लाल झाला होता.

"आता किती येऊन राहिलं?"

तिने सांगितलं.

"म्हणजे काही टाकायची गरजच नव्हती."

"नव्हती. तेव्हाच ओतला असता तर चाललं असतं."

"अन् तुह्या पहिल्या आकड्यावर टाकलं असतं तं?"

"कास्टिंग कडक झालं असतं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर लावताना तडकलं असतं."

त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की कसली, ते तिला कळलं नाही. "उद्या ते साहेब येतीन. तुह्यं सर्टिफिकेट तरी निघन का?"

"कास्टिंगच नाही, काकाजी. सर्टिफिकेट कशाचं काढू?"

आनंदराव उठले आणि मालकांना फोन करायला ऑफिसकडे निघाले. कमलिनी त्यांच्या मागोमाग गेली. भट्टी का रिकामी केली ते त्यांना सांगायचं होतं, आणि आकडा का चुकला ते तिला.