उलट्या करंटचा शॉट

ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होती. रामाजी मेश्राम खळ्यावर पसरलेल्या धानावरून ट्रॅक्टर गोल गोल फिरवत होते आणि त्यांची लेक रिना घरात कानाला हेडफोन लावून बसली होती. तिच्या आईनं, रुखमानं, दोनदा दारातून डोकावून पाहिलं. पोरगी सुट्टीवर येते आणि सुट्टीतही लॅपटॉपच्या मांडीला मांडी लावून बसते, याचा आईला मनापासून राग होता आणि तो रास्तच होता.

"तुहा बाप बलावते खळ्यावर. अजून किती वेळ लागते तुले?"

"एक शॉट आहे आई. माह्यं गणित आहे त्याच्यात. झाला का येतेच."

शॉट म्हणजे यंत्र काही क्षण चालवून घेतलेला एक प्रयोग, आणि हा पुण्याकडच्या प्रयोगशाळेतला होता. तिथं भोकाच्या वड्यासारख्या पोकळ यंत्रात अतोनात तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर भिंतीपासून अधांतरी धरून ठेवतात आणि त्यातून वीज वाहवतात. पुढेमागे फ्यूजनची खरी भट्टी पेटली की तिच्यात अल्फा कण जन्मतील. ते आत टिकले तर भट्टी स्वतःच्याच उष्णतेवर जळत राहील, भिंतीवर आदळले तर भिंतच भाजेल. आज अल्फा कण नव्हते. त्यांच्या जागी वेगवान आयनांचा झोत सोडून, ते किती टिकतात हे पाहायचं होतं. किती टिकतील, हे गणित रिनाचं.

हेडफोनमध्ये शॉटच्या प्रमुख साने मॅडम एकेक गोष्ट विचारत होत्या आणि नियंत्रण कक्षातून उत्तरं येत होती.

"चुंबक?"

"तयार."

"झोत?"

"पूर्ण ताकदीनं."

"प्लाझ्मातला करंट?"

"उलट दिशेनं. काल बदलला."

रिनाचा हात जागच्या जागी थांबला. तिचं गणित सरळ करंटचं होतं. झोत करंटच्या दिशेनं सोडला की आयन आतल्या बाजूला सरकतात आणि टिकतात. करंट उलटा केला आणि झोत मात्र तसाच सोडला, तर तेच आयन बाहेर सरकतात, थेट भिंतीकडे. भिंतीच्या ज्या टाइलवर ते आदळले असते तिच्या मागून थंडाव्याच्या पाण्याचा पाइप जात होता. पाइप फुटला तर यंत्र वर्षभर बंद, आणि तिच्यासकट सगळ्या पोरांचे प्रबंध टांगणीला.

असा बदल कळवायचं काम अजयचं. अजय जवळच्याच सिंदेवाहीचा, तिच्या आधी प्रयोगशाळेत पोचलेला. तिची खोली, तिची सगळ्यांशी ओळख, सुरुवातीचे जेवणाचे वांधे, सगळं त्यानंच निस्तरलं होतं. "आपल्याकडचे दोघंच आहो इथी, एकमेकाले धरून राहा लागते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तिनं घाईघाईनं त्याला मेसेज टाकला: "भाऊ, उलट्या करंटचं गणित कोनी केलं का?"

उत्तर लगेच आलं. "तुले सांगाचं राहून गेलं. पन फार फरक नाई पडत. आता बोलू नको."

फरक पडत होता. किती, ते तिनंही मोजलं नव्हतं. टाइल सोसेलही कदाचित. थांबवायला लावलं आणि काही झालंच नसतं असं निघालं, तर हंगामाचा शेवटचा शॉट हिनं वाया घालवला, हे जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

"मोजणी सुरू करा," साने मॅडम म्हणाल्या.

"थांबवा." आवाज इतका बारीक निघाला की तो कुणाला ऐकू गेला की नाही, हे तिलाच कळेना. ती पुन्हा म्हणाली, "मॅडम, शॉट घेऊ नका."

मोजणी थांबली.

"कारण?"

तिनं कारण सांगितलं. पलीकडे कुणीतरी भराभर कळा दाबत होतं. ते काही केल्या संपेना. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "बरोबर आहे तिचं. जवळजवळ अर्धा झोत त्या टाइलवर गेला असता."

रिनाला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच.

"गणित कुणाचं होतं?" साने मॅडमनी विचारलं.

"माझं."

"मग करंट बदललाय हे तुला माहीत नव्हतं?"

पडद्यावर अजयच्या नावापुढे माईक बंद असल्याची लाल खूण होती. आता बोलेल, आता बोलेल, असं म्हणत ती त्या खुणेकडे बघत राहिली. तो बोलला नाही.

"माझ्याकडून राहून गेलं मॅडम."

"एवढी मोठी गोष्ट राहून जाते?" मॅडमचा आवाज कोरडा झाला. "यापुढे तुझ्या गणितावर आम्ही शॉट घेऊ शकत नाही."

तेवढ्यात अजयचा मेसेज आला. "थँक्यू रिना. माह्यं नाव नाई घेतलं, बरं केलं. मी आहो ना, सांभाळून घेतो तुले."

तिनं तो वाचला आणि तिची कानशिलं तापली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो निखळ संताप. रुखमा परत दारात आली होती. लेकीचा चेहरा पाहून ती तिथंच उभी राहिली.

रिना पुन्हा माईकवर बोलली.

"मॅडम, एक मिनिट. अजयभाऊंना काही सांगायचं आहे. त्यांचा माईक बंद राहिलाय."