चोरून मोजलेले श्वास

आमच्या बाबांनी चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं, आणि श्वासावरच्या ताब्याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे तो पोरगेला डॉक्टर "काका, आता तुमचे श्वास मोजतो," असं म्हणाला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढायला एवढं पुरतं. न्यूमोनियाने एक फुप्फुस भरलेलं, अंगात ताप, आणि हे पलंगावर ताठ बसून सावकाश, मापात श्वास घ्यायला लागले.

"बावीस," डॉक्टर म्हणाला आणि आजार किती गंभीर आहे त्याचे गुण कागदावर मांडू लागला. वय पासष्टच्या पुढे, एक. रक्तात युरिया वाढलेला, एक. रक्तदाब ठीक, भान ठीक, श्वासही ठीक. "दोन गुण. वॉर्डात ठेवू. तीन असते तर आयसीयूचा विचार केला असता."

बाबांनी माझ्याकडे पास झालेल्या पोरासारखं पाहिलं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

आई पलंगाच्या पायाशी उभी होती. ती डॉक्टरला म्हणाली, "जरा पडद्यामागे उभे राहता का? समोर कोणी असलं की यांचा कार्यक्रम सुरू होतो."

मग तिने बाबांचं मनगट धरलं. "अहो, नाडी बघते. पडून राहा."

नाडीवर काही बाबांची मात्रा चालत नव्हती, म्हणून त्यांनी सोंग सोडलं. आईची नजर त्यांच्या छातीवरून भिंतीवरच्या घड्याळावर जात होती. मला लहानपणी दमा होता. तेव्हा ती माझी नाडी का बघायची, ते मला आत्ता कळलं.

"चौतीस," मिनिटाने आई म्हणाली.

"फटीतून मी मोजले, तेही चौतीसच," डॉक्टर खाली मान घालून बाहेर आला. "तीसच्या वर म्हणजे आणखी एक गुण, झाले तीन. आयसीयूत हलवू."

"चुगलखोर," बाबा आईला म्हणाले. तेवढा एक शब्द बोलतानाही त्यांना धाप लागली.

संध्याकाळी त्यांचा ऑक्सिजन एकदम घसरला. आयसीयूत होते म्हणून निभावलं.

पाचव्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क निघाला. आईने खुर्ची ओढली आणि त्यांचं मनगट धरलं. बाबांनी एक डोळा उघडला.

"नाडीच्या नावाखाली श्वास मोजतेस ना? आता नाही फसायचो."

"काही मोजत नाहीये," आई म्हणाली. "नुसता हात धरलाय."

बाबांनी डोळा मिटला आणि दुसरा हातही तिच्याकडे सरकवला.